तीन लाखांच्या आधी पंधरा दिवस

"मावशी, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहो. वय ३८, उंची पाच फूट एक इंच, वजन ११२ किलो. गावातल्या लेकरायची वजनं मी करतो, अन् पोट्टे माह्याच वजनावर हासते. सहा वर्षांपासून शुगर आहे, तीन महिन्यांची सरासरीवाली टेस्ट ९.२ आली. गुडघे बोलते, रात्री घोरता घोरता दम अडकते. नागपूरच्या डॉक्टरनं वजनाचं ऑपरेशन सांगितलं, स्लीव्ह म्हणते त्याले. तीन लाख खर्च सांगितला. सहा एकर वावर आहे, कापूस अन् सोयाबीन. घरधनी म्हणते मे महिन्यात करून टाकू, अंगणवाडीलेबी सुट्टी भेटते. सासूबाई म्हणते, देवानं देल्लं पोट कापून फेकतं काय. जाऊ म्हणते, आयतं बारीक व्हाची हौस आहे. ह्यायच्या चुलतभावाची बायको अमरावतीले करून आली, तिचे केस गेले, तोंड सुकलं, अन् तीन वर्षांत बरंचसं वजन वापस आलं. मी कोणाले न सांगता करू काय? पोटातला गोळा काढला म्हणून सांगू काय? दिवसाचे दोन खर्रे होते तंबाखू-सुपारीचे, ते सोडा म्हणते डॉक्टर. अन् मावशी, खरं सांगतो, मी लय खात नाही. सगळ्यायचं झाल्यावर जे उरलं ते खातो. मंग हे वजन आलं कुठून?"

ताई,

सगळे प्रश्न विचारून झाल्यावर तुम्ही खरी गोष्ट शेवटी, जाता जाता सांगून टाकली. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते. मी फिरून फिरून त्याच वाक्यावर येणार आहे. पण आधी डॉक्टरांच्या बाजूचं उरकून घेऊ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी ३१ वर्षं ग्रामीण रुग्णालयांत सिस्टर होते, आणि २०१७ च्या डिसेंबरात हेच ऑपरेशन मी करून घेतलं. तेव्हा १०९ किलो होते. सव्वा वर्षात ७१ वर आले, आज ७८ आहे. गेलेल्यातले सात किलो परत आले, हे आधीच सांगितलेलं बरं.

तुमच्या उंची-वजनाचा हिशेब मांडला तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ४६ च्या वर जातो. आपल्याकडचे सर्जन साधारणपणे ३७.५ च्या वर, आणि सोबत शुगर-बीपी असेल तर ३२.५ च्या वर या ऑपरेशनचा विचार करत आलेत. तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी तुम्हाला उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं नाही. रात्री दम अडकतो म्हणता, ते मात्र भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर स्वतः घाला. झोपेत श्वास थांबतो का याची तपासणी आधी व्हायला हवी.

स्लीव्हमध्ये जठराचा फुगीर भाग, साधारण ७५ ते ८० टक्के, कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्यासारखी नळी. मोठा चिरा नसतो, चार-पाच भोकांतून दुर्बिणीनं करतात. काढून टाकलेल्या भागात घ्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक बनत असतं, म्हणून पहिले काही महिने भूक अशी लागतच नाही. हे एकदा कापलं की परत जोडता येत नाही. दुसरी पद्धत बायपासची. तीत जठराचा वरचा अंड्याएवढा कप्पा वेगळा करून त्याला पुढचं आतडं जोडतात. शुगर जुनी असेल किंवा छातीत जळजळ फार असेल तर बायपासचा विचार होतो. तुम्हाला जळजळ आहे की नाही, हे पत्रात नाही. असेल तर आत्ताच सांगा, कारण स्लीव्हनंतर ती वाढू शकते. मला कोणी विचारलं नाही, आणि मी सिस्टर असूनही सांगितलं नाही. आता डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपते आणि सकाळी उपाशीपोटी गोळी घेते.

आता तुमच्या जाऊबाईंचं "आयतं".

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी मला उभं केलं आणि व्हरांड्यात चालवलं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालवतातच. दुसऱ्या दिवशी औषधाच्या बाटलीचं ३० मिलीचं झाकण हातात दिलं आणि म्हणाले, यात पाणी घ्या, पंधरा मिनिटांत संपवा. झाकणभर पाण्याला पंधरा मिनिटं! मला हसू आलं. दोन घोट एकदम घेतले, तेव्हा छातीच्या मध्यभागी कोणी मूठ आवळली असं झालं आणि हसू गेलं. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ. भाकरीपर्यंत यायला दीड महिना लागला.

जाताना हातात आहाराचा कागद दिला. त्यावर ब्रोकोली, ॲव्होकाडो आणि ग्रीक योगर्ट. आमच्या आठवडी बाजारात तेव्हा मेथी, सांभार (म्हणजे कोथिंबीर) आणि वांगी होती. मी तो कागद घडी करून डब्याच्या झाकणाखाली ठेवला आणि गाळलेलं वरण, मुगाचं कढण, ताक यांवर दिवस काढले. तुम्ही आहारतज्ज्ञाकडे जाल तेव्हा सरळ म्हणा, "मॅडम, आमच्या गावात मिळतं त्यात सांगा." बाजारात काय येतं याची यादी करूनच न्या.

भुकेचं मी वर म्हटलं, ती पोटाची भूक. तोंडाची भूक कुठेच जात नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाराव्या दिवशी शेजारी तर्रीपोहे केले. फोडणीचा वास भिंतीवरून आला आणि मी, ५२ वर्षांची बाई, मोरीत जाऊन रडले. खायचं नव्हतं, खाल्लं असतं तर पचलंही नसतं. पण जन्मभर सुखात-दुःखात जे सोबत होतं ते गेलं, याचं ते रडू होतं. माझ्यानंतर ज्यांनी ज्यांनी हे ऑपरेशन केलं त्यांना मी हे विचारलं. बहुतेकांनी आधी नाही म्हटलं, मग जरा थांबून हो म्हटलं.

एकविसाव्या दिवशी आमच्या भावकीत तेरवी होती. रोडगे-वांग्याची भाजी. सगळ्यांत जायला नको म्हणून मी एकटी मागे बसले, आणि कोणी पाहत नाही असं पाहून तुपात चुरलेल्या रोडग्याचे दोन घास घाईनं गिळले. ते अडकले. खाली जाईनात, वर येईनात. तोंडात फेसासारखी लाळ येत राहिली, मी गोठ्यामागं जाऊन अर्धा तास ओणवी उभी. चूक पूर्ण माझी होती, कुस्करलेलं खायच्या दिवसांत मी रोडगा खाल्ला. पण ताई, मी तो लपून खाल्ला. जन्मभराची सवय ती. सगळ्यांचं झाल्यावर, उभ्यानं, घाईनं, कोणी पाहत नसताना. नवीन पोटाला नेमकं तेच चालत नाही.

नागपूरला तपासणीला जायची तेव्हा बाकावर बसून बसून पुष्कळ जणांशी ओळख झाली. पुसदकडचे एक ट्रॅक्टरवाले होते, त्यांचा बायपास. चार महिन्यांनी भंडाऱ्याच्या जेवणात द्रोणभर बुंदी खाल्ली. पंधरा-वीस मिनिटांत दरदरून घाम, छाती धडधड, पोटात कळ, जुलाब. मंडपाच्या मागं सतरंजीवर आडवे झाले. लोकांनी अंगात आलं म्हणून हळद-कुंकू आणलं! साखर आतड्यात एकदम उतरली की असं होतं, बायपासवाल्यांना जास्त. त्या दिवसापासून बुंदी पाहिली की हात मागं घेतो म्हणाले. त्यांच्या शेजारचा मुलगा वर्धा जिल्ह्यातला, जिल्हा दारूबंदीचा पण ज्याला प्यायची त्याला मिळतेच. पूर्वी चढायला जेवढी लागायची त्याच्या पावभरात आता चढते, म्हणून खूश होता. डॉक्टरांनी त्याच्या बापाला वेगळं बसवून समजावलं की या ऑपरेशननंतर व्यसन लागायचा धोका वाढतो. तुमच्या घरी हा प्रश्न नसावा, पण दुसरं कोणी वाचत असेल.

आर्वीकडच्या एक शिक्षिका मला सगळ्यांत जवळच्या वाटल्या. ४५ किलो उतरल्या होत्या. पाटल्या हातातून गळून पडायच्या, एक तर तुरीच्या वावरात गेली ती सापडलीच नाही. ब्लाउज वर्षात तीनदा शिवले. आणि गाव काय म्हणालं? "बाई, कोणती बिमारी झाली?" आपल्याकडं जाड बाईला हसतात आणि बारीक झाली की कॅन्सर झाला म्हणतात. पोटाची, दंडाची कातडी लोंबते, एप्रिल-मेमध्ये तिच्या घड्यांत घाम साचून पुरळ येतं, हेही त्यांनीच दाखवलं. मऊ सुती कापड घडीत ठेवायचं, अंग कोरडं ठेवायचं, दुसरा इलाज म्हणजे आणखी एक महागडं ऑपरेशन. मी विचारलं, पस्तावा होतो का? म्हणाल्या, शुगरच्या तीन गोळ्यांची अर्धी झाली, शाळेचा जिना न थांबता चढते. कातडीचं काय, साडीच्या आत आहे.

तुमच्या अमरावतीच्या नातेवाइकांचं सांगते. केस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गळायला लागतात, सहा-आठ महिन्यांत थांबतात आणि बहुतेकींचे परत येतात. माझेही गेले होते. वजन झपाट्यानं उतरताना शरीर केसांवरचा खर्च आधी कमी करतं. त्यात लोह आणि प्रथिनं कमी पडली तर जास्त गळतात, जास्त काळ गळतात. दुसऱ्या वर्षानंतर थोडं वजन परत येतं, तेही बहुतेकांचं. फार परत आलं असेल तर चहा-बिस्किटं, फरसाण, सरबत यांसारखं नळीतून सहज घसरणारं खाणं वाढलं का ते पाहावं लागतं. त्यांना न पाहता मी काही म्हणणार नाही. तुम्ही त्यांच्याकडं एकदा जा, पण "केस का गेले" असं विचारू नका. "ऑपरेशननंतर तुमचं ताट कोण वाढायचं?" एवढंच विचारा.

कारण हिशेब असा आहे. ऑपरेशननंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि एका वेळी जागा असते जेमतेम शंभर-दीडशे मिलीची. दोन अंड्यांचे १२ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणाचे ७, म्हशीच्या पेलाभर दुधाचे ८, पन्नास ग्रॅम पनीरचे ९, मूठभर सोयावडीचे १२-१३, वर दही आणि पुन्हा एक वाटी वरण. (आपण पोतीच्या पोती सोयाबीन बाजार समितीत नेऊन टाकतो आणि घरात सोयावडी आणायची म्हटलं की तोंड वाकडं करतो. असो.) आधी हे खायचं, मग भाजी, मग जागा उरली तर चतकोर भाकर. आता तुमचं जेवण आठवा. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात काय असतं? तळाचं पाणचट वरण, भात आणि भाजीची तर्री. अंडं लेकरांच्या पोटात गेलेलं असतं, दही संपलेलं असतं. त्या नळीत तुम्ही तळाचा भात भरला तर वजन उतरेल, पण त्याबरोबर स्नायू उतरतील, केस उतरतील, रक्त उतरेल.

वजन आलं कुठून, याचं उत्तरही थोडंफार इथंच आहे. थोडंफार म्हणते, कारण अंगकाठी आई-बापाकडून येते, अपुरी झोप भूक वाढवते, शुगरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं. यात तुमचा आळस कुठे नाही. पण सकाळपासून दोन-तीन गोड चहांवर राहायचं, अंगणवाडीतली उरलेली खिचडी टाकवत नाही म्हणून खायची, तीन वाजता भात, रात्री दहाला कढई पुसून भाकर आणि लगेच आडवं व्हायचं, यात "लय खात नाही" हेही खरं आणि ११२ किलोही खरे. तुम्ही काय खाता हे तुम्ही कधी ठरवलंच नाही. काय उरलं ते तुमच्यासाठी ठरवत आलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऑपरेशन तुम्हाला लागू आहे, करावं असंच मला वाटतं. पण तुमच्या घरात तुम्ही आधी जेवायला बसू शकत नसाल तर करू नका.

मे महिन्यात तर मुळीच नको. सर्जन म्हणतील ऋतूनं फरक पडत नाही. त्यांचं ऑपरेशन एसीत असतं, तुमचा पुढचा महिना यवतमाळ जिल्ह्यातल्या टिनाच्या छपराखाली असेल. या ऑपरेशननंतर लोक परत दवाखान्यात भरती होतात त्याचं एक मोठं कारण पाणी कमी पडणं आहे. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी घोट-घोट करत पोटात घालायचं, तेही जेवणाच्या अर्धा तास आधी थांबायचं आणि जेवणानंतर अर्धा तास प्यायचं नाही. हिवाळ्यात मला ते दिवसभराचं काम वाटायचं. ४५ डिग्रीत, लाइट गेलेली असताना, घसा कोरडा पडलाय आणि गटागटा पिता येत नाही, हे मी माझ्या वैऱ्यालाही सांगणार नाही. शिवाय मेनंतर लगेच पेरणी. सोयाबीन निघालं, कापसाची पहिली-दुसरी वेचणी झाली की डिसेंबरात करा. चार-सहा आठवडे जड उचलता येणार नाही, म्हणजे पाण्याचा हंडा नाही, कापसाचं गाठोडं नाही, ते घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. तोपर्यंत शुगर मात्र ९.२ वर ठेवायची नाही. त्यासाठी डॉक्टरांकडून गोळ्या आत्ताच बदलून घ्या.

मधल्या महिन्यांत खर्रा सुटायला वेळ मिळेल. यात मी तडजोड सांगणार नाही. निकोटीननं रक्तवाहिन्या आवळतात, टाके नीट भरत नाहीत, पुढं अल्सर होतात. "एखादा चालतो" म्हणणारे टपरीवर भेटतील, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भेटणार नाहीत. तुमचे दोन खर्रे कोणत्या वेळचे आहेत ते पाहा. दुपारी जेवण लांबतं तेव्हाचा एक असणार, मी पैजेवर सांगते.

आता लपवण्याचं. गावाला गोळा काढला सांगा, हर्निया सांगा, काही सांगू नका. गाव तुमच्या वरणात डाळ घालत नाही. पण सासूबाईंशी खोटं बोलू नका. एक तर पंधरा दिवसांत ताटावरून कळेल, आणि कळलं की प्रत्येक ओकारीला "म्हणलं नव्हतं?" ऐकावं लागेल. दुसरं म्हणजे वरणाची पळी त्यांच्या हातात आहे. देवानं दिलेल्या पोटावरून वाद घालू नका, त्या वादात त्यांना हरवून तुम्हाला काय मिळणार. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि आहारतज्ज्ञासमोर बसवा. माझ्या सासूबाईंनीही बोल लावले होते, पण डॉक्टरांनी "आजी, हिचं जेवण आता तुमच्यावर" म्हटल्यावर त्यांनी दोन महिने मुगाचं कढण दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

आणि गावातल्या डॉक्टरांपासून लपवाल तर ते जिवावर बेतू शकतं. अंग दुखतं म्हणून गेलात आणि त्यांनी नेहमीसारखं दुखण्याचं इंजेक्शन किंवा गोळी दिली, तर ती औषधं या पोटाला, बायपासवाल्यांना तर विशेष, अल्सर करू शकतात. ऑपरेशननंतर शुगर पहिल्या आठवड्यांतच उतरायला लागते. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी तेवढीच घेत राहिलात तर साखर इतकी पडेल की चक्कर येऊन वावरात पडाल. ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा फोन एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

पहिले दहा-पंधरा दिवस नागपुरातच कोणाकडे राहा. टाक्यांतून गळती झाली तर ती बहुधा याच दिवसांत कळते, आणि दारव्ह्याहून रात्री गाडी करून नागपूर गाठेपर्यंत पहाट होते. ताप, नाडी १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप, पोटरी सुजणं, दिवसभरात पाणीही न टिकणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. नंतरच्या महिन्यांतही सतत ओकाऱ्या होत असतील तर "सवय होईल" म्हणून घरी बसू नका. बी-१ जीवनसत्त्व संपलं तर मेंदूवर परिणाम होतो, तोल जातो, आणि वेळीच इंजेक्शन मिळालं तर तो टळतो. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून काही डॉक्टर सहा महिने त्याची गोळी देतात. पाळी अनियमित असेल तर ती सुधारून दिवस राहू शकतात, आणि वर्ष-दीड वर्ष ते टाळायचं असतं. याचं डॉक्टरीणबाईंशी बोलून घ्या.

तीन लाखांचं. त्यात काय काय येतं ते लिहून घ्या, गळती होऊन परत भरती व्हावं लागलं तर कोणाचा खर्च, हेही. पुढं बी-१२, लोह, कॅल्शियम, डी-३ यांच्या गोळ्या जन्मभर आणि दरवर्षी रक्ताच्या तपासण्या आहेत, तो खर्च तीन लाखांत धरलेला नसतो. आरोग्य विमा असेल तर विमा नियामकाची अट बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात न येणाऱ्या शुगरसारखा गंभीर आजार, अशी आहे. तुम्ही त्यात बसता, पण पॉलिसीतला थांबण्याचा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर किती काळानं हा खर्च मिळतो, ते पाहा. सरकारी योजनेचं विचारायला रुग्णालयातला आरोग्यमित्र असतो, त्यालाच गाठा. सावकाराकडून पैसे काढायचे असतील तर मात्र थांबा, एखादा हंगाम गेला तरी चालेल.

टिरझेपटाइड, सेमाग्लुटाइड या इंजेक्शनांबद्दल कोणी ना कोणी सांगेलच. २०२५ मध्ये ही वजनाची औषधं म्हणून आपल्याकडं आली. आठवड्याला एक टोचायचं, शुगरही उतरते, पण थांबवलं की वजन बरंचसं परत येतं. शिवाय ती फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, आणि तुमच्याकडं लाइट किती वेळ असते ते तुम्हीच मला सांगा. डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

आता एक काम. पैसे भरण्याआधी पंधरा दिवस ऑपरेशन झालंय असं समजून घरात जेवून पाहा. नळीएवढं कमी खायचं नाही, तुम्ही शुगरच्या गोळ्या घेता, उपास घडू देऊ नका. प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा, बदलायची ती रीत. तिन्ही वेळा ठरलेल्या वेळी, बसून, सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांबरोबर. पहिले घास अंडं, घट्ट वरण, सोयावडी यांचे. प्रत्येक घास वीसदा चावायचा, जेवण वीस मिनिटं चाललं पाहिजे. तांब्या जवळ ठेवायचा नाही. अंगणवाडीतली खिचडी उरली तर उरू द्यायची. गुरुवारचा उपास असेल तर त्या दिवशीही दूध-दही पोटात गेलं पाहिजे, नुसता साबुदाणा नाही. आणि एका वहीत रोज एवढंच लिहायचं की आज आधी बसायला मिळालं का, नाही तर कोणी उठवलं.

पहिल्या दोन दिवसांत घरधनी भाकर मागतील, पोरगं मीठ मागेल, सासूबाई काही न मागता नुसत्या पाहतील. उठू नका. मीठ कुठल्या डब्यात आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पंधरा दिवसांनी वही मला पाठवा, मग तारखेचं बोलू. आणि रात्रीची कढई पोराला पुसायला सांगा, त्याचं वजन वाढायचं वय आहे.

— तुमची मावशी